पिंपळाची फळी

एका गावात एक मडकं होतं. ते कुणा एकाचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी प्रत्येक घरातून त्यात एक मूठ धान्य पडे. त्या धान्याच्या जोरावर गावातलं एक मूल तीन वर्षं परगावी राहून एखादं कसब शिकून येई.

एका साली कोष्ट्याच्या मुलीची पाळी आली. बाजार आणि वैद्य दोन्ही नदीपलीकडे, आणि गावची नाव अशी जुनी, की माणसं वल्ही मारण्यापेक्षा पाणी उपसण्यातच दमत. एकदा भर पात्रात नाव गळू लागली. सगळे देवाचा धावा करत बसले. या मुलीने मात्र पदराची चिंधी फाडून, तेलात भिजवून फटीत ठासली. तेव्हा पारावरच्या पिंपळाखाली बैठक बसली आणि हिलाच नाव बांधायला शिकू द्यायचं, असं ठरलं.

लांबच्या बंदरावर एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली ती तीन वर्षं राबली. निरोप देताना मिस्त्री एवढंच म्हणाला, "पोरी, पाणी ओळखदेख पाहत नाही. लाकूड जसं असेल तसंच ते त्याच्याशी वागतं."

गावाने तिला ओवाळून घेतलं. सागाच्या फळ्या आल्या, नाव आकाराला येऊ लागली. तेव्हा पाटलांनी हळूच एक नवल बाहेर काढलं. वादळात पिंपळाची एक मोठी फांदी मोडली होती. गावाने तिची फळी चिरवून, हळदकुंकू लावून, कोष्ट्याच्या मुलीसाठी जपून ठेवली होती.

पाटील म्हणाले, "याच झाडाखाली बसून तुला पाठवलं. ही नावेच्या तळाला बसव. गावाचा हात खाली असल्यासारखा राहील."

तिचे डोळे भरून आले. पण तिने बोटाने फळी ठोकून पाहिली. पिंपळाचं लाकूड मऊ. पाण्यात एक पावसाळाही धड काढायचं नाही. तिने अजिजीने सांगून पाहिलं, की आबा, ही वर, पुढच्या टोकाला लावते, सगळ्यांना दिसेल.

"म्हणजे शोभेला?" पाटील दुखावले. "गावाची मूठ तीन वर्षं चालली आणि गावाची एक फळी जड झाली? असं असेल तर मडकं पालथं घालतो."

पुढची पाळी कुंभाराच्या लेकीची होती. तिला औषधं शिकायची होती. ती गाठोडं बांधून तयारच बसली होती.

कोष्ट्याच्या मुलीने हातोडी उचलली. इतक्या फळ्यांत एक. वरून डांबर फासलं की कुणाला कळणार होतं? गाव खूश, मैत्रीण मार्गी. मग तिला वाटलं, या फळीवर कुणाकुणाचे पाय पडतील. तिने ती बाजूला ठेवली आणि तिथे साग ठोकला.

मडकं पालथं पडलं. नव्या नावेत कुणी पाय ठेवीना. पाणवठ्यावर तिच्या आईशी बायका बोलेनात. तिला फार वाईट वाटलं. पिंपळाची फळी तिने दोरीने घाटाच्या पायरीला, पाण्यात बांधून ठेवली.

पावसाळ्यात जुनी नाव पुरात गेली. पुढे पूर ओसरला आणि पाटलांच्या नातीला ताप भरला. वैद्य पलीकडे. मुकाट्याने नात कडेवर घेऊन पाटील घाटावर आले. कोष्ट्याची मुलगी नाव सोडत होती, तोवर त्यांची नजर पायरीच्या दोरीवर गेली. त्यांनी दोरी ओढून फळी वर घेतली, तर त्यांचा अंगठा सहज तिच्या आत गेला. उरलेला तुकडा हातातच मोडला.

पलीकडचा काठ येईपर्यंत पाटील नावेच्या कोरड्या तळाकडे आणि मांडीवरच्या पोरीकडे पाहत राहिले. कोष्ट्याची मुलगी वल्ही मारत होती.

नात बरी झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाटलांनी स्वतः मडकं सरळ केलं, पहिली मूठ घातली आणि कुंभाराच्या लेकीला बोलावून विचारलं, "गाठोडं सोडलंस, की अजून बांधलेलंच आहे?"

"बांधलेलंच आहे, आबा."

"मग नीघ. आणि शिकून आल्यावर आमचं चुकत असेल तर तोंडावर सांग. त्यासाठीच तर पाठवतोय."

तात्पर्य एवढंच: ज्यांनी आपल्या घासातला घास काढून आपल्याला शिकवलं, त्यांचे उपकार नुसती मान डोलावून फिटत नाहीत, शिकलेलं काम चोख केलं, तरच फिटतात.