जिवबा नावाड्याची शिदोरी

“या खेपेस जिवबा काही जात नाही. पण पोरीला कळू देऊ नका,” असं सासरे गुरवाला हळूच म्हणाले. आणि पोरगी, म्हणजे त्यांची नवी सून आवडी, नेमकी कुडापलीकडं तांदूळ पाखडत होती.

खाडीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. सृष्टी घडवून देव सात समुद्रांपलीकडं जाऊन बसला, त्याला इथलं ऐकू येत नाही, असं शेवरेवाडीत मानत. म्हणून गाऱ्हाणं घालायचं ते जिवबा नावाड्याला. जन्मभर त्यानं माणसं खाडीपार नेली, मेल्यावर गावाची गाऱ्हाणी देवापर्यंत नेऊ लागला, असं म्हणतात. त्याच्या दगडाला फुलाची पाकळी चिकटवायची. ती उजवीकडं पडली की समजायचं, जिवबा निघाला.

त्या वर्षी आवडीचा नवरा राघो मचवा घेऊन समुद्रात गेला तो परतलाच नाही. सासऱ्यांनी नारळ फोडला, गुरवानं गाऱ्हाणं घातलं, पण पाकळी हलेना.

आवडी बोलायची कमी, बघायची फार. नारळ जिवबापुढं फुटतो आणि खोबरं घरच्या आमटीत जातं, हे तिनं पाहिलं होतं. म्हाताऱ्याला एवढ्या लांब धाडतात, आणि बरोबर काही बांधून देत नाहीत! तिनं भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा फडक्यात बांधला, सासूला सोबत घेतलं आणि शिदोरी दगडापुढं नेऊन ठेवली.

“अगं, देवमाणसाला मासळी?” गुरव ओरडला.

“खाडीवरचा माणूस तो,” सासू म्हणाली. “शिकरण खाऊन वल्हवत होता होय?”

तेवढ्यात पाकळी उजवीकडं पडली, असं म्हणतात. सकाळी बघतात तर शिदोरी नाही. कावळ्यांनी नेली, सासरे म्हणाले. पण फडक्याची नीट घडी घातलेली होती.

दुपारच्या भरतीला मचवा आला. “धुक्यात दिशाच कळेना,” राघो सांगू लागला. “पुढं एक म्हातारा होडी हाकत होता, त्याच्या मागं मागं आलो. तोंड दिसलं नाही, ढेकर तेवढा ऐकू आला.”

मग वाद पेटला. जिवबानं सांगितलं आणि देवानं सोडवलं, असं गुरवाचं म्हणणं. सासरे म्हणाले, “एवढ्यात तो जाऊन आला कधी? मग देवाला न विचारताच केलं की काय? आणि तसं चालतं?”

अजूनही शेवरेवाडीत मचवे निघायच्या आधी गावातली सर्वांत नवी सून जिवबाला शिदोरी देते. तिला आवडीची शिदोरी म्हणतात. गाऱ्हाणं त्यानंतर. वाद मात्र अजून मिटलेला नाही. त्या दिवशी सगळ्यांनी आवडीकडं पाहिलं, तेव्हा ती पहिल्यांदाच चारचौघांत मोठ्यानं बोलली:

“मामंजी, देव लांब आहे की जवळ, मला ठाऊक नाही. पण उद्या तो स्वतः दारात आला, तर त्यालाही आधी जेवायला बसवा. गाऱ्हाणं मग घाला.”