लाकडी पावाचा मान

इंग्लंडातल्या एल्डरविक गावात वर्षातून एकदा येशूजन्माच्या नाटकाचा गाडा मठाच्या दाराशी थांबतो आणि नगराध्यक्षांना साऱ्या गावादेखत लाकडी पाव वाढतात. पाहुणे हसतात. गाव दाखवणाऱ्या हेस्टर आजी मात्र हसत नाहीत. "आधी ऐका, मग खुशाल हसा," म्हणत त्या सुरू करतात.

पाचसहाशे वर्षांपूर्वी हा गाडा म्हणे सहा ठिकाणी थांबे आणि दर थांब्यावर गाड्यावरच नाटक होई. देवदूत येण्याआधी नाटकातले मेंढपाळ पोटभर जेवत. खरं जेवण पहिल्याच थांब्यावर, मठाधिपतींसमोर. पुढे सगळीकडे रंगवलेला लाकडी पाव. शेवटचा थांबा कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत. मेंढपाळ होणारा हॅमंड त्याच गल्लीतला. आपल्याच माणसांपुढे लाकूड चघळताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एका वर्षी दुष्काळ पडला. गल्ली झाडाची साल उकडून खाऊ लागली. मठातून मात्र नाटकासाठी नेहमीसारखी टोपली आली: ऊनऊन पाव, चीज, कांदे, डुकराचे पाय. हॅमंडचं डोकंच फिरलं. नाटकात फेरफार करणाऱ्याला गावाबाहेर काढत, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने टोपली गाड्यातल्या गवताखाली दडवली आणि मठाधिपतींसमोर लाकडी पाव कचकन चावला. दात तुटला. रक्त गिळून तो म्हणाला, "वा! काय लुसलुशीत!"

मठाधिपती ताडकन उठले. "खरं अन्न कुठाय?"

"महाराज, आमची गल्ली दरवर्षी हेच बघते आणि वर टाळ्या वाजवते. आज तुम्ही वाजवा."

टाळ्या पडल्या, पण गर्दीतून. त्या गजरात सोबत्यांनी गाडा ओढला तो थेट गल्लीत नेला. टोपली रिकामी झाली. एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक घास आला, हॅमंडच्या वाट्याला तोही नाही. संध्याकाळच्या आत त्याला वेशीबाहेर घालवलं. तो कुठे गेला, कुणालाच कळलं नाही.

पुढच्या वर्षी मेंढपाळ व्हायला कुणी उठेना. मठासमोर लाकूड आणि गल्लीत अन्न, ही अट मान्य होईपर्यंत गाडा जागचा हलला नाही, असे सांगतात. अखेर मठाने हात टेकले.

आजही मठाधिपतींच्या जागी नगराध्यक्ष तो पाव दातांत धरून "वा! काय लुसलुशीत!" म्हणतात, तेव्हाच गाडा पुढे सरकतो. गल्लीत खरी टोपली उघडते, सगळे जेवतात. टोपलीच्या तळाशी पावाचा एक तुकडा मात्र ठेवतात. हॅमंड अजून जेवायचा राहिलाय.