दोन वळशांची गाठ

सात ओढ्यांच्या मधल्या एका जंगलात एक म्हातारं कासव राहत असे. तिथल्या वडाच्या भल्यामोठ्या ढोलीचं ते राखणदार होतं. ढोली कुणा एकाची नव्हती, साऱ्या जंगलाची होती. तिच्यात वेल, चपटा दगड, बाभळीचा काटा, पळसाचं पान आणि वाळका भोपळा अशा पाचच गोष्टी कायम भरलेल्या असत. ज्याला हवं त्याने न्यावं आणि त्यातून आपलं काम उभं करावं. ढोलीचा एक नियम होता, मुलांनो, तो ध्यानात ठेवा. एकदा एखादी गोष्ट ढोलीत ठेवायची ठरली की तिचा साठा पुन्हा बंद करायचा नाही, कारण कुठेतरी कुणीतरी तिच्या भरवशावर बसलेलं असतं.

आता पाचच का? तर कासवाच्या आधी राखणदार होतं एक साळिंदर. स्वभावाने भलं, पण त्याला नाही म्हणता येत नसे. अस्वल म्हणालं, मध काढायची काडी ठेवा. ठेवली. कावळा म्हणाला, फळं फोडायला खाच पाडलेला दगड ठेवा. ठेवला. असं करता करता ढोली गळ्यापर्यंत भरली. मग एका उन्हाळ्यात वणवा लागला. पाणी आणायला भोपळा हवा म्हणून सगळे ढोलीकडे धावले, पण त्या ढिगाखाली भोपळा काही सापडेना. ती ढोली जळाली आणि शेजारचं साळिंदराचं बीळही जळालं. कासवाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नव्या ढोलीत त्याने मोजून पाच गोष्टी ठेवल्या आणि सहावीचं नाव काढू दिलं नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, त्याला मी तरी काय दोष देणार?

त्याच जंगलात ओढ्याकाठी शिकाऱ्यांनी खणलेले जुने खड्डे होते. शिकारी कधीच निघून गेले, खड्डे मात्र राहिले, आणि त्यांच्यावर गवत वाढलं. दरसाल कुणी ना कुणी आत पडे. मग वेलीच्या टोकाला कडं बांधून आत सोडायचं, पडलेल्याने त्यात मान आणि पुढचे पाय घालायचे आणि गव्याने वरून ओढायचं, अशी रीत होती. एके दिवशी एक माकडीण कासवाकडे आली.

"आजोबा," ती म्हणाली, "कडं बांधलेली तयार वेल ढोलीत ठेवू या."

"वेल आहे ना आत? गाठ मारायला कितीसा वेळ लागतो? सगळ्यांना येते ती."

"येते, पण घाईत चुकते. गाठीला दोन वळसे लागतात आणि घाबरलेल्याचा एकच पडतो. गेल्या साली ससा निम्म्यावरून खाली आला. त्याच्या आधी मुंगूस. तळाशी चिखल होता म्हणून वाचले. जो तो आपापली गाठ मारतो आणि जो तो तीच चूक करतो."

"मग शिकव त्यांना दोन वळसे. आज तुझी वेल ठेवली तर उद्या अस्वल काडी घेऊन दारात उभं राहील. बोट दिलं की मनगट धरतात सगळे."

"सगळ्यांना येते, एवढंच तुम्ही म्हणता, आजोबा. सगळ्यांना लागते, हे का नाही म्हणत?"

कासवाने मान आत घेतली. आता मान आत घेतलेल्या कासवाशी कोण वाद घालणार? माकडीण निघून गेली.

चैत्रातल्या एका दुपारी हरिणीचं पाडस खड्ड्यात पडलं. माकडीण उंबरं खायला ओढ्यापलीकडे गेलेली. खड्डा उन्हाने कोरडा ठणठणीत आणि तळाशी नुसता कातळ, पण पाडस मधेच एका कपारीत अडकलं होतं आणि आईला हाका मारत होतं. हरिणी धावत ढोलीकडे गेली, वेल आणली, दातांनी कडं बांधलं आणि आत सोडलं. पाडसाने आईने सांगितलं तसे मान आणि पुढचे पाय त्यात घातले. गवा ओढू लागला. कासव तोवर सरपटत तिथे पोचलं होतं. पाडसाचे कान खड्ड्याच्या काठाशी दिसू लागले, तेवढ्यात कासवाची नजर गाठीवर गेली. वळसा एकच होता. ते "थांबा" म्हणेपर्यंत गाठ सुटली.

पाडस कातळावर पडलं आणि पुन्हा हललं नाही.

हरिणी बराच वेळ तिथेच उभी होती. मग कासवाकडे न बघताच म्हणाली, "मला येत होती हो गाठ. एरवी शंभरदा मारली असती. पण त्याची हाक कानावर येत होती, आणि मला काही सुचेना."

कासवाने तीन दिवस काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी त्याने माकडिणीला बोलावलं. "बांध कडं. दोन वळशांचं. मी बघतो." तिने बांधलं. कासवाने गव्याला ते एका ओंडक्यात अडकवून ताकदीने ओढायला लावलं, एकदा नव्हे, दहादा. गाठ तसूभरही सरकली नाही. मग त्याने ती वेल ढोलीच्या तोंडाशीच, हाताला पहिली लागेल अशी ठेवली. "तुझं ऐकायला हवं होतं, बाई," ते म्हणालं.

आणि कासवाने म्हटलं होतं तसंच झालं. आठवडा उलटला नाही तो अस्वल काडी घेऊन दारात हजर.

"ही तुझ्याशिवाय कुणाला लागते?" कासवाने विचारलं.

"मला एकट्यालाच."

"आणि चुकली तर काय होतं?"

"मध सांडतो."

"मग तुझ्या गुहेत ठेव, बाबा. इथे नको." अस्वल कुरकुरत निघून गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात रानडुकराचं एक पिल्लू त्याच खड्ड्यात पडलं. हाक ऐकून सगळ्यांत आधी धावली ती हरिणी. तिने तयार वेल उचलली आणि खड्ड्याशी आली. वेल आत सोडण्याआधी ती क्षणभर थांबली, आणि गाठीचे वळसे तिने मोजले. एक. दोन. मग तिने वेल सोडली, गव्याने ओढली आणि पिल्लू वर आलं. ते आईला बिलगलं तेव्हा हरिणी तिथे नव्हती. वेल परत ठेवायला ती ढोलीकडे गेली होती.

तात्पर्य : जे एकालाच लागतं ते त्याने आपल्या घरी ठेवावं. पण जे साऱ्यांना लागतं आणि चुकलं तर जिवावर बेततं, ते एकदाच नीट पारखून सर्वांच्या हाताशी ठेवावं. "ते तर सगळ्यांना येतं" हे नकाराचं कारण होऊ शकत नाही.