हत्तिणीच्या बाडात मिशा

यातला एक शब्द जरी खरा मानलास तर तुझ्यासारखा खुळा तूच! आणि खोटं म्हणत असशील तर खोटं करून दाखव. मी बसलेय इथंच.

"लाव अंगठा!" दप्तरदार गुंडोपंत ओरडले.

"आधी वाचून दाखवा," भिवरी म्हणाली.

भिवरी म्हणजे भद्रसेन राजाच्या दप्तरखान्यातली कागद धुणारी. तिथं कागद वाया घालवायची पद्धत नव्हती. लिखाण जुनं झालं की टाकीवर नेऊन धुवायचं, वाळवायचं, त्याच कागदावर पुन्हा लिहायचं. अक्षरं पुसता पुसताच ती वाचायला शिकलेली! पानं शिवून बाड करायचं आणि वर चिठ्ठी लावायची, आत पानं किती त्याची. राजाचा हुकूम असा कडक, की चिठ्ठीवर जितकी पानं तितकी वाचायचीच. एक जरी गाळलं तरी पाठीवर फटके!

आणि दप्तरखान्याचा नियम बदलायचा, तर ज्यांच्या हाताखालून कागद जातो त्या सगळ्यांनी तपासून अंगठा लावायचा. पंतांच्या नव्या नियमावर सतरा अंगठे लागले होते. वाचला किती जणांनी? एकानंही नाही! एक गडी तर जेवता जेवता लावून गेला. कागदावर शाईच्या जागी आमटी.

"काय कटकट आहे!" पंतांनी वाचलं. "आजवर तीन पानं लिहिली की चिठ्ठीवर तीन. चौथं लिहिलं की खोडा, चार करा. किती खोडायचं? आता पहिल्याच दिवशी दहा पानं शिवायची, चिठ्ठीवर दहाचा आकडा टाकायचा, की मोकळे!"

"आणि धुवायची कधी?"

"लागतील तशी. तीन लागली, तीन धू. बाकीची राहू देत तशीच."

"मग माझा अंगठा नाही."

"अगं, सतरा जणांना अक्कल नाही आणि तुला आहे?"

"ते मी कशाला बोलू? तुम्हीच बोललात!"

झालं! पंत तडक दरबारात. राजाला हा नियम भारी आवडलेला, आणि एकदा आवडलं की ते राजाच्या डोक्यातून निघायचं नाही.

"एका अंगठ्यासाठी थांबलो नाही, आठ दिवस नवी बाडं अशीच बनताहेत," राजा गरजला. "बिघडलं काही?"

"महाराज, अजून कोणी शेवटपर्यंत वाचलंय कुठं?"

"असं? मग दाखव दोष. उद्या नाही, आत्ता! पण बाडाला बोट लावायचं नाही, आणि नियमाविरुद्ध अवाक्षर काढायचं नाही. नाही जमलं, तर टाकीकाठचं घर सोडायचं आणि सासूला घेऊन राज्याबाहेर व्हायचं!"

भिवरीची सासू डोळ्यांनी अधू, कुठं न्यायची तिला? मग भिवरीला सोमवार आठवला. हत्तिणीच्या चाऱ्याचं बाड करायला पंतांनी तीन कागद धुतलेले नेले, अन् सात न धुतलेल्या ढिगातून उचलले. तो ढीग कोणाकडून आलेला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पटकन पदर तोंडाला लावला.

"रडतेस काय?" राजा म्हणाला.

"नाही महाराज. एवढंच मागते, हत्तिणीचं नवं बाड पंतांनी स्वतः वाचावं. आपल्या हुकमाप्रमाणे, चिठ्ठीवर आहेत तितकी पानं."

पंत खाकरले. "'हत्तीण चंपाकली. सकाळी ऊस, वीस मोळ्या. दुपारी केळीचे खांब. रात्री रोट, तूप लावून.'" तीन पानं झाली. चौथं उलटलं आणि पंतांचं तोंड चुलीतल्या राखेसारखं झालं.

"संपलं, महाराज."

"चिठ्ठीवर किती?"

"द... दहा."

"मग वाच!"

"पुढं तसं विशेष काही—"

"फटके हवेत?"

पंतांनी डोळे अर्धे मिटले. "'पुऱ्या चोरून तळताना उजवी मिशी जळाली. त्या जागी घोड्याच्या शेपटीचे केस डिंकानं चिकटवावे. रोज सकाळी.'"

"हत्तिणीला मिशी कधी आली?" एक सरदार पुटपुटला.

"वाच पुढं!" राजा म्हणाला, पण आवाज बारीक झालेला.

"'महाराजांनी... महाराजांनी शिंकू नये. आलीच शिंक, तर आधी मिशी धरावी. राजवैद्य.'"

अख्खा दरबार राजाकडे वळला. राजाचा हात आधीच उजव्या मिशीवर!

"कोणी लिहिलं हे हत्तिणीच्या बाडात?"

"लिहिलं कोणीच नाही, महाराज," भिवरी हात जोडून म्हणाली. "पुसलं नाही, इतकंच! मी बाडाला हात लावला नाही, नियमाला नावं ठेवली नाहीत. जे बोलले ते पंत बोलले. अजून पाच पानं आहेत. हुकूम असेल तर..."

"नको!!"

आणि राजाला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की मिशी सुटून पंतांच्या पागोट्यावर जाऊन बसली. मग काय, दरबारही लोळला!

"सांग बाई, नियम कसा हवा?" राजानं डोळे पुसले.

"आधी धुवा, मग लिहा, आणि चिठ्ठीवर आकडा सगळ्यात शेवटी."

चिठ्ठ्यांचा शिक्का त्याच दिवशी भिवरीच्या कमरेला आला. टाकीकाठचं घर कायमचं तिचं झालं, वर थंडीत हात फुटू नयेत म्हणून पाणी तापवायला तांब्याचा बंब! आणि आठ दिवसांची बाडं उसवून धुवायला कोण बसलं? गुंडोपंत!

"पंत, कोपरे राहिले!" भिवरी ओरडायची.

त्या उरलेल्या पाच पानांत काय होतं? मला माहितेय. तुला नाही सांगायची. ऊठ, नीघ आता इथून!