कड्यावरचा डोह आणि पिंपळपान

पूर्वी चंपकवती नगरीत राजा सुयाम राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका डोहाच्या राखणदारांच्या कुळात जन्मास आला होता. त्याचे नाव तिष्य. हा डोह धबधब्याच्या अगदी माथ्यावर होता; कडेला पाण्याखाली दगडांचा उंबरा आणि उंबऱ्यापलीकडे खोल दरी. कोणी स्नानास उतरण्यापूर्वी तिष्य पाण्यावर एक पिंपळपान सोडी. पान घिरट्या घालीत राहिले, तर उतरावे. सरळ कड्याकडे गेले, तर उतरू नये, असा त्या कुळाचा नेम होता.

एकदा ऐन उन्हाळ्यात राजा जलक्रीडेसाठी तेथे आला. तिष्याने पान सोडले. ते क्षणभरही रेंगाळले नाही. सरळ गेले आणि दरीत दिसेनासे झाले. संथ पाण्यात असे कधी घडले नव्हते.

“महाराज, आज उतरू नये.”

राजाचा कारभारी चित्रक हसला. “वा रे राखणदारा! राजाने पाल्यापाचोळ्याला भिऊन कोरडेच परतायचे?”

“पानाला बक्षिसाची आशा नसते, कारभारी. म्हणून त्याचे ऐकावे.”

राजाने गळ्यातला कंठा काढला. “हा घे आणि बाजूला हो. नाही झालास, तर शिर जाईल.”

तिष्याने कंठ्याला हात लावला नाही. “शिर महाराजांचेच आहे. परंतु आधी मी उतरतो. परत आलो, तर आपण खुशाल उतरावे.”

त्याने दोराचे एक टोक झाडाला व दुसरे कमरेला बांधले आणि तो पाण्यात शिरला. चार हात गेला नाही तोच प्रवाहाने त्याला ओढले. पाय कड्याबाहेर लोंबू लागले. दोर करकरला. तेव्हा राजा स्वतः धावला. तिष्याला वर ओढीपर्यंत राजाच्या तळहातांची सालटी निघाली.

“उंबराच नाही,” तिष्य धापा टाकीत म्हणाला. “पायाला एकही दगड लागला नाही.”

चित्रकाचा चेहरा पडला. “महाराजांना पाण्यात बसून दरी दिसावी, म्हणून काल मीच तो काढवला.”

“लोटा याला खाली!” राजा गरजला.

“महाराज,” तिष्य म्हणाला, “दगड कोठे ठेवले, हे यालाच ठाऊक आहे. ते आधी परत बसू द्यावेत.”

राजाचा राग ओसरला. चित्रकाने दिवस मावळेपर्यंत दगड वाहून परत बसवले. मग राजाने सोललेल्या हातांनी स्वतः पान सोडले. ते घिरट्या घालू लागले. तरीही तिष्याने होकारार्थी मान हलविल्यावरच राजा पाण्यात उतरला.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, “भिक्षूंनो, दात्याला गोड वाटेल तेवढेच बोलणारा, आज तुमच्यात खाली मान घालून बसलेला भिक्षू तेव्हाचा चित्रक होय. राजा सुयाम म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद, आणि तिष्य तो मीच. बक्षीस मिळो वा शिर जावो, जे पाहिले तेच सांगणे, हीच सत्यपारमिता.”