भिकाचा चहा

"दोन सभा? एकीनं भागत नाही का अमेरिकेत?"

ऋजुताला वाटलं होतं, मठात डोळे मिटून बसलेले कोणी साधुपुरुष भेटतील. भेटले ते चुलीत फुंकर घालता घालता उलटतपासणी घेणारे रेवागीर बाबा.

"नाही भागत, बाबा!" तिकडूनच राज्यशास्त्र शिकून आलेली ऋजुता पुढे सरसावली. "एका सभेत डोक्यांप्रमाणे जागा, मोठी राज्यं खूश. दुसरीत सगळ्यांना सारख्या, लहान खूश. घरचा कारभार ज्याचा त्याचा, सामायिक तेवढा दिल्लीत... म्हणजे, वॉशिंग्टनात!"

"आणि आपल्या पाटाच्या पाण्याचं?"

"तेच! पाटावरच्या चार गावांचा उद्या संघ होतोय. सावळथर मोठं, पाट तिथूनच निघतो. ते सही करेना. मग मी मसुद्यात तिथल्या भिल्लवस्तीची डोकी त्यांच्यात धरली. जागा वाढल्या, गडी तयार!"

"वस्ती मत देणार?"

"ते... शेतवाल्यांनाच आहे. वस्तीला शेत कुठलं? पण बाबा, तडजोडीशिवाय संघ होतो का? अमेरिकेनंही पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली होती. मत एकालाही नाही. नाहीतर दक्षिणेची राज्यं आलीच नसती."

"हं... किती जण आलात?"

"मी आणि रिक्षावाला भिका. तो बाहेर बसलाय."

बाबांनी तीन कप मांडले, तिन्ही काठोकाठ भरले. एक तिला दिला. एक स्वतः प्याले. मग तिसरा उचलला, आणि तोही फुर्र फुर्र करत पिऊ लागले.

"अहो बाबा! तो भिकाचा!"

"त्याचाच. त्याला धरूनच तर एवढं दूध घातलं."

"पण पिताय तुम्ही!"

बाबांनी आणखी एक घोट घेतला.

बाहेरून भिका ओरडला, "बाबा, माझ्या चहात साखर बरी पडली ना?"

बाबा खदखदून हसले. ऋजुताला हसू येईना. हातातला चहा तसाच निवत गेला.

सकाळी ती धावतच मठात आली.

"ठरलं, बाबा! वस्तीला मत असेल, तरच वस्ती मोजायची. आजच्या सभेत पहिलं हेच मांडणार. रात्रभर झोप नाही, इतकं... इतकं सोपं होतं हे!"

मग आवाज खाली आला.

"पण सावळथर उठून गेलं तर? खालच्या गावांना पाणी कुठून द्यायचं?"

बाबांनी सभेसाठी सतरंजी झटकली.

"उठलं तर उठू दे. वस्तीला बसायला जागा लागेल."