टाकीविना कॉम्प्रेसर

सांगलीत खांबेटे यांचे मॉडेलच्या सामानाचे दुकान होते. गिऱ्हाइकाला अडाणी ठरवल्याशिवाय खांबेटे काही विकत नसत. एकदा शाल्मली तिथे आली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने एसटीची छोटी प्रतिकृती बनवली होती. रंग तेवढा राहिला होता. तिने रंग फवारायचा साधा एअरब्रश आणि त्याला हवा पुरवणारा सगळ्यांत स्वस्त कॉम्प्रेसर मागितला.

"याला हवेची टाकी नाही, बाळ," खांबेटे म्हणाले. "हवा धक्के देत येईल. एसटीला गोवर उठेल! टाकीवालाच घे. नाहीतर याच कॉम्प्रेसरने एकसारखा रंग मारून दाखव आणि दोन्ही वस्तू फुकट ने!"

दुकानातली गिऱ्हाइके हसली. शाल्मली मान खाली घालून शेजारच्या पंक्चरवाल्याकडे गेली आणि टायरच्या व्हॉल्व्हला लागणारा नळीचा एक जोड मागून आणला.

"काका, तुमच्या गाडीची स्टेपनी देता?"

गंमत म्हणून खांबेट्यांनी दिली. तिने कॉम्प्रेसरची हवा आधी स्टेपनीत सोडली आणि तिथून एअरब्रशला घेतली. हवा संथ आली. पुठ्ठ्यावर लाल रंग एकसारखा बसला, एक ठिपका नाही.

"अगं, पण ही तर टाकीच झाली!" खांबेटे ओरडले.

"हो ना, काका," शाल्मली हळूच म्हणाली. "मग ती डिकीत ठेवून तुम्ही लोकांना दुसरी का विकता?"

खांबेट्यांनी दोन्ही वस्तू फुकट बांधून दिल्या.